मिन.जेएसच्या शेजारच्या फाइली

रात्री साडेबारा वाजता एखाद्या मराठी वेबसाइटवर हापूसच्या पेटीची मागणी नोंदवली आणि त्या वेबसाइटने वेळ दाखवायला 'मोमेंट.जेएस' ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरली असली, तर पोचपावतीवर वेळ उमटते 'पहाटे १२:३० वाजता'. साडेबाराला पहाट म्हणणारा माणूस रत्नागिरीतच काय, अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. ही करणी यंत्राची नाही. या लायब्ररीत 'लोकेल' नावाचे फोल्डर असते आणि त्यात जगातल्या अनेक भाषांबरोबर मराठीची 'एमआर.जेएस' ही लहानशी फाइल असते. शून्यापासून सहा वाजेपर्यंत पहाटे, बारापर्यंत सकाळी, सतरापर्यंत दुपारी, विसापर्यंत सायंकाळी आणि पुढे रात्री, असा हिशेब तिच्यात मोजक्या ओळींत मांडलेला आहे. लिहिणाऱ्यांनी तो पदरचा वेळ घालून, फुकट लिहिला. त्याच फाइलमध्ये दुसरीकडे त्यांनी वाखाणण्याजोगे काम केले आहे. 'एक महिना' या शब्दांना 'पूर्वी' जोडायचे झाले की ते 'एका महिन्यापूर्वी' होतात, 'एक महिनापूर्वी' होत नाहीत, हे ओळखून सुट्या रूपांसाठी एक संच आणि सामान्यरूपांसाठी दुसरा, अशी सोय तिथे केलेली दिसते. म्हणजे एकाच फाइलमध्ये मराठी व्याकरणाची उत्तम जाण आणि एक ढोबळ चूक शेजारी शेजारी नांदत आहेत. दोन्ही कोणालाही वाचता येतील अशा आहेत, फक्त फाइल उघडायला हवी. ती उघडली जात नाही, ही माझी तक्रार आहे.

जावास्क्रिप्ट लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला, आपल्या वेबसाइटमध्ये आणून जोडता येणारा कोड. तारीख दाखवणे, नकाशा काढणे, अर्ज तपासणे अशी कामे प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून त्या असतात. त्यांपैकी एखादी उतरवून घेतली की हाती एक फाइल येत नाही, गाठोडे येते. मोमेंटचेच गाठोडे उघडले तर त्यात माणसाने वाचायचा मूळ कोड, त्यातून यंत्राने तयार केलेली रूपे, मोकळ्या जागा आणि लांब नावे काढून आवळलेली 'मिन' फाइल, सगळ्या भाषा एकत्र कोंबलेली आणखी एक जाडजूड फाइल, सुट्या भाषांचे फोल्डर, आवृत्ती सांगणारी 'पॅकेज.जेसन', परवान्याची 'लायसन्स', बदलांची नोंद ठेवणारी 'चेंजलॉग' आणि ओळख करून देणारी 'रीडमी' एवढा ऐवज निघतो. आपल्याकडे रिवाज असा पडला आहे, की यातली मिन फाइल उचलायची, पानात एक ओळ टाकून जोडायची आणि बाकीचे फेकून द्यायचे. पान चालले, विषय संपला. या रिवाजाला माझा विरोध आहे. मिन फाइल ब्राउझरसाठी असते, बाकीच्या माणसांसाठी असतात. ज्या वेबसाइटवर लोक पैसे भरतात, दाखले मागतात, आपले पत्ते आणि फोन नंबर देतात, ती उभी करणाऱ्याने आणि तिचे पैसे देणाऱ्यानेही या माणसांसाठीच्या फाइली मागायला आणि वाचायला हव्यात.

आवळलेल्या फाइलीवर माझा राग नाही. तिची गरज खरी आहे आणि कोकणात ती अधिकच खरी आहे. जेक्वेरी या अजूनही सर्वत्र आढळणाऱ्या लायब्ररीची ३.७.१ ही आवृत्ती घेतली, तर तिची वाचनीय फाइल सुमारे २८५ केबीची आहे आणि मिन फाइल सुमारे ८७ केबीची. मंडणगड किंवा राजापूरच्या एखाद्या वाडीत, मोबाइलवर एक-दोन काड्या असताना पान उघडणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. गंमत पुढे आहे. जेक्वेरीच्या गाठोड्यात 'स्लिम' नावाचे आणखी एक रूप असते. त्यातून सर्व्हरशी मागच्या मागे बोलण्याची सोय, म्हणजे एजॅक्स, आणि हालचालीचे परिणाम काढून टाकलेले असतात. बूटस्ट्रॅप ४ या वेबपाने सजवण्याच्या साधनाच्या नमुना पानात नेमकी हीच स्लिम फाइल जोडलेली होती. ते पान जसेच्या तसे उचलून त्यावर अर्ज पाठवण्याचा कोड लिहिला, की ब्राउझर सांगतो, एजॅक्स नावाचे काही इथे नाही. मग मुले रात्र रात्र आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतात. चूक कोडमध्ये नसते, नावातला 'स्लिम' हा शब्द वाचलेला नसतो. मिन फाइलच्या जोडीला 'मॅप' नावाची फाइल येते तिचीही तीच गत. आवळलेल्या कोडमधली अमुक अक्षरे मूळ कोडच्या कोणत्या ओळीतून आली, याचा तो नकाशा असतो. तो जागेवर असला की ब्राउझर बिघाड मूळ ओळीवर दाखवतो. नसला की सगळे बिघाड 'ओळ दुसरी, अक्षर चाळीस हजारावे' अशा निरुपयोगी पत्त्यावर जाऊन पडतात.

आता ती पहाट दुरुस्त करायची ठरवली, तर काय होते ते पाहू, कारण गाठोड्यातल्या जवळजवळ प्रत्येक फाइलीचे काम त्यात दिसते. पहिला मोह मिन फाइल उघडून तिच्यातच 'पहाटे' शोधण्याचा आणि तिथल्या तिथे बदलण्याचा. असे करणारे पुष्कळ आहेत. पण मिन फाइल ही यंत्राने मूळ कोडपासून बनवलेली असते. पुढची आवृत्ती आणली की आपली दुरुस्ती तिच्याबरोबर पुसली जाते आणि ती कधी केली होती याची कुठे नोंदही राहत नाही. दुरुस्ती मूळ भाषेच्या फाइलीत करायची आणि मग बाकीची रूपे पुन्हा तयार करून घ्यायची. ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी, हे ओघाने आलेच. इथे ओळख करून देणारा मजकूर वाचावा लागतो. मोमेंट सांभाळणाऱ्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केले, की हा प्रकल्प आता फक्त देखभालीपुरता चालू आहे, नवीन कामासाठी तो निवडू नका. म्हणजे आपली दुरुस्ती तिकडे स्वीकारली जाण्याची आशा फारशी धरता येत नाही. मग परवान्याची फाइल कामाला येते. मोमेंटचा परवाना एमआयटी आहे. तो म्हणतो, कोड वापरा, बदला, विका, मात्र मूळ लेखकांची नोंद आणि हा परवाना प्रतीबरोबर राहू द्या. तेव्हा आपली दुरुस्त प्रत आपण राजरोस चालवू शकतो. आणि शेवटी आवृत्तीची फाइल पाहायची. कारण २०२२ साली याच लायब्ररीत सुरक्षेच्या दोन त्रुटी उघड झाल्या. त्यातली एक २.२९.२ मध्ये बुजवली गेली, दुसरी २.२९.४ मध्ये. पहिली त्रुटी तर भाषेच्या फाइलीशीच निगडित होती. सर्व्हरवर वापरकर्त्याने दिलेले भाषेचे नाव न तपासता पुढे दिले, तर त्या नावाच्या आडून भलत्याच फोल्डरात शिरता येत होते. ज्याने फक्त मिन फाइल उचलली आहे त्याला यातले काहीही कळत नाही. कोणती आवृत्ती चालू आहे हेही अनेकदा सांगता येत नाही.

आणि हे सगळे वाचणाऱ्याला एक जास्तीचा लाभ होतो. आज नवीन वेबसाइटला मराठी तारखेसाठी बहुधा लायब्ररीची गरजच नाही, हे त्याला समजते. सगळ्या प्रचलित ब्राउझरांत 'इंटल' नावाची सोय अंगभूत आहे. तिला मराठीत तारीख मागितली की महिन्याचे नाव मराठीत आणि आकडे देवनागरीत मिळतात. उतरवून घ्यावे लागते शून्य केबी. लायब्ररी वाचण्याचा शेवट कधी कधी ती न वापरण्यात होतो, तो असा.

एवढ्यावर काही जाणकार हरकत घेतील, की मूळ कोड सर्वांसमोर उघडा असतो, हजारो डोळे तो पाहतात, मग प्रत्येकाने गाठोडे कशाला उपसायचे? या हरकतीला २०१८ सालच्या घटनेने उत्तर दिले आहे. 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाची लायब्ररी त्या वेळी आठवड्याला वीस लाखांच्या आसपास वेळा उतरवली जात होती. मूळ लेखकाला ती सांभाळण्यात रस उरला नव्हता. मदतीला तयार असलेल्या एका अनोळखी माणसाच्या हाती त्याने ती सोपवली. त्या माणसाने तिच्यात 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' हे आणखी एक लहान गाठोडे जोडून दिले. त्या लहान गाठोड्यातली वाचनीय फाइल स्वच्छ होती. विष होते ते मिन फाइलमध्ये, आणि त्याचा कुलूपबंद भाग चाचण्यांच्या फोल्डरात, जिथे कोणी पाहत नाही. ते कोपे नावाच्या पाकिटातले बिटकॉइन चोरण्यासाठी रचलेले होते. हजारो डोळे पाहत होते ती फाइल वेगळी आणि चालत होती ती वेगळी. हापूसचेही तसेच आहे. त्याचे भौगोलिक मानांकन २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांना मिळाले, तरी पेटीवर छापलेले नाव आणि पेटीतला आंबा यांचा संबंध असतोच असे नाही, हे रत्नागिरीकरांना वेगळे सांगायला नको. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवरच्या 'एक्सझेड' या साधनात हाच प्रकार अधिक चलाखीने झाला. तिथेही चोरवाट चाचण्यांच्या फाइलींत दडवली होती, आणि ती उघडणारा तुकडा वाटपासाठी तयार केलेल्या गाठोड्यात होता, सर्वांसमोरच्या मूळ कोडमध्ये नव्हता. एका अभियंत्याला संगणकावर लॉगिन व्हायला किंचित जास्त वेळ लागतो असे जाणवले आणि त्याने पाठपुरावा केला, म्हणून जग वाचले.

यावर दुसरी हरकत लगेच येते आणि ती पहिलीपेक्षा वजनदार आहे. असे विष तज्ज्ञांनाही दिसले नाही, तर रत्नागिरीत बसून चार पानांची वेबसाइट करणाऱ्याला काय दिसणार? बरोबर आहे, दिसणार नाही. एक मध्यम आकाराचा प्रकल्प आज नकळत शेकडो गाठोडी खेचून आणतो. त्यांची ओळ न् ओळ वाचा असे मी म्हणत नाही. पण वाचणे आणि ठाऊक असणे यांत फरक आहे. आपल्याकडे काय आहे, कोणत्या आवृत्तीचे आहे आणि कुठून आले, एवढे लेखी असले तर बातमी आल्यावर पाच मिनिटांत कळते की आपल्याला धोका आहे की नाही. ही नोंदही गाठोड्यांच्या व्यवहारातच तयार होते. 'पॅकेज-लॉक.जेसन' या फाइलीत प्रत्येक गाठोड्याची नेमकी आवृत्ती आणि त्याच्या मजकुराचा ठसा असतो. मजकूर एका अक्षराने बदलला तरी ठसा जुळत नाही. ही फाइल कंटाळवाणी दिसते म्हणून ती डिलीट करून टाकणारे आहेत. जून २०२४ मध्ये पॉलिफिल.आयओ या पत्त्यावरून थेट फाइल ओढणाऱ्या एक लाखाहून अधिक वेबसाइट अडचणीत आल्या. त्या पत्त्याची मालकी काही महिन्यांपूर्वी बदलली होती आणि नव्या मालकाने फाइलीत भलताच कोड मिसळला होता. ज्यांनी ती फाइल आपल्याकडे उतरवून, आवृत्ती ठरवून ठेवली होती, त्यांच्यापर्यंत तो कोड पोहोचायला वाटच नव्हती.

भारत सरकारनेही हे मान्य केले आहे. संगणकीय सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची विस्तारित आवृत्ती आणली. सरकारी कार्यालये, सार्वजनिक उपक्रम आणि अत्यावश्यक सेवा यांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणते घटक आहेत याची यादी पुरवठादाराकडून घ्यावी, असा त्यांचा रोख आहे. दिल्लीहून निघालेली सूचना तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत तिचे काय होते, हे निराळे सांगायला नको. पण इथे अडथळा फक्त सरकारी दिरंगाईचा नाही. यादी मागणाऱ्याला ती कशी दिसते हे माहीत नाही आणि देणाऱ्याने ती कधी बनवलेली नाही. ही खरी अडचण आहे.

तिसरी हरकत आजची आहे. बांधणीची अवजारे सगळी गाठोडी आपोआप एकत्र करतात आणि कोड तर आता कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते, मग या फाइलींची उठाठेव कशाला? बांधणीची अवजारे नक्कीच वापरावीत. पण मुख्य फाइल कोणती, जुन्या पद्धतीची की नव्या, कोणते भाग गाळायचे, हे ती पॅकेज.जेसन वाचूनच ठरवतात. ते फसले की चूक दिसते आपल्या पडद्यावर आणि कारण असते त्या फाइलीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे म्हणाल, तर जुन्या उदाहरणांवर शिकलेले साधन जुनीच सवय पुढे चालवते. मोमेंट वापरू नका असे तिच्या कर्त्यांनीच सांगितल्यानंतरही ती सुचवली जाऊ शकते. सुचवलेली लायब्ररी जिवंत आहे की देखभालीवर, तिचा परवाना आपल्याला चालतो की नाही, हे तपासणारा माणूस लागणारच. उलट कोड फुकट मिळू लागल्यावर त्या माणसाच्या मजुरीला खरी किंमत येते.

उरला वेळेचा आणि अभ्यासक्रमाचा प्रश्न. रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, फिनोलेक्स अकादमी आहे, देवरुखजवळ आंबव येथे राजेंद्र माने महाविद्यालय आहे. इथली मुले शिकून मुंबई-पुण्याला जातात आणि मुलाखतीत लायब्ररीची नावे विचारली जातात, परवान्यांची नाहीत, असे शिक्षक सांगतील. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेत 'क्लायंट साइड स्क्रिप्टिंग' हा विषय अनेक वर्षे शिकवला गेला. त्याच्या शेवटच्या प्रकरणात आपला कोड लपवणे आणि पानावर माऊसची उजवी कळ बंद करणे असे मुद्दे होते. ब्राउझरची साधने उघडणाऱ्याला ही असली लपवाछपवी क्षणभरही अडवत नाही, तो भाग सोडा. पण स्वतःचा कोड लपवायला शिकवण्यासाठी वेळ निघत असेल, तर दुसऱ्याचा उघडा कोड वाचायला शिकवण्यासाठी दोन तासिका निघायला हरकत नसावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जेक्वेरीची मिन फाइल उघडली तर पहिल्याच ओळीत आवृत्ती, हक्कधारक आणि परवान्याचा पत्ता असतो. आवळणारी अवजारे उद्गारचिन्हाने सुरू होणारी टीप मुद्दाम शिल्लक ठेवतात, म्हणून ती ओळ टिकते. मुलांना आपापल्या गावच्या संस्थांच्या वेबसाइटवर ती ओळ वाचायला लावावी. ३.५.० च्या आधीची आवृत्ती दिसली, तर तिच्यातून पानात परका कोड घुसवता येऊ शकतो. अशा त्रुटी एप्रिल २०२० मध्ये बुजवल्या गेल्या. तरीही जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेला त्यांतलीच एक त्रुटी 'प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या' यादीत घालावी लागली. पाच वर्षांत बदलायला हवी होती अशी एक फाइल जगभर तशीच पडून होती, कारण बहुधा ती मुळात जोडणारा निघून गेला होता आणि मागे त्याने नोंद ठेवली नव्हती.

हेच आपल्याकडे रोज घडते. एखादी पतसंस्था, ग्रामपंचायत, बागायतदारांचा गट किंवा शाळा कोणा ओळखीच्या मुलाकडून वेबसाइट करून घेते. मुलगा नोकरीला लागतो आणि गाव सोडतो. संस्थेच्या हाती सर्व्हरचा पासवर्ड उरतो, तोही असला तर. पुढे येणाऱ्याला आवळलेल्या फाइलींचा ढीग मिळतो आणि तो सरळ सांगतो, हे दुरुस्त होणार नाही, नवीन करावे लागेल. संस्था दुसऱ्यांदा पैसे मोजते. खर्च वाढेल म्हणून लहान संस्थांवर अटी लादू नका, असे म्हणणाऱ्यांनी हा दुहेरी खर्चही मोजावा. अट तरी कितीशी आहे? कार्यादेशात चार ओळी वाढतील. मूळ कोड हवा, मिन नव्हे. पॅकेज.जेसन आणि लॉक फाइल हवी. वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचा परवाना त्याच फोल्डरात हवा. आणि यांवरून वेबसाइट पुन्हा बांधून दाखवल्यानंतरच शेवटचा हप्ता मिळेल. यासाठी करणाऱ्याला एका दुपारचे काम पडते, कारण या सगळ्या फाइली त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून असतातच. आजवर त्या कोणी मागितल्या नाहीत.